एकोणपन्नास परकी भांडी

आमच्या घरात सकाळी साडेनऊला जी वस्तू हवी असते ती सापडत नाही. हा नियम आहे, आणि घरात कसोशीने पाळला जाणारा हा एकच नियम आहे. मला ऑफिसला निघायचं असतं आणि डाव्या पायातली वहाण पाट्यामागे असते. टोपी शोधावी तर ती धाकट्याने मांजरीच्या पिलांखाली अंथरलेली असते. चष्म्याचं घर तांदळाच्या डब्यात निघालं त्या दिवशी मी सगळ्यांना ओळीने उभं करून जाब विचारला, तर आई म्हणाली, "परवा तांदूळ निवडताना तूच ठेवलंस." मी तांदूळ निवडत होतो ही गोष्ट तिने पाच मुलांसमोर सांगण्याची काही गरज नव्हती.

पौडला दोन खोल्या आणि एक पडवी एवढ्या जागेत आम्ही आठ माणसं राहत होतो. आई, मी, सौ. आणि ही पाच मुलं. मी पंचायत समितीत आवक-जावक कारकून. तालुक्यातलं कुठलंही पत्र मागा, विहिरीचं असो की वळूचं, दोन मिनिटांत काढून देतो. गावात मला भाऊसाहेब म्हणतात. या भाऊसाहेबांनी रोज सकाळी खाटेखाली डोकं घालून वहाण हुडकावी हे काही बरं दिसत नाही. मी उपाय केले नाहीत असं कुणी म्हणू नये. भिंतीला माणशी एक खुंटी ठोकली; तिसऱ्या दिवशी आठही खुंट्यांवर लसणाच्या जुड्या लोंबत होत्या. मग जागोजाग चिठ्ठ्या लावल्या, 'दप्तरे', 'छत्र्या', 'टोप्या'. त्यातली 'छत्र्या' ही चिठ्ठी मुलांनी आजीच्या पाठीला डकवली आणि ती तशीच देवळात कीर्तनाला जाऊन आली.

हे असंच चाललं असतं, पण चौसष्ट साली ऑफिसच्या मागे कर्मचाऱ्यांसाठी तीन क्वार्टर बांधून तयार झाल्या. खाली शहाबादी फरशी, भिंतीत कपाटं, आणि मोरीत नळ. दोन क्वार्टर ज्येष्ठ मंडळींना गेल्या. तिसरीवर हक्क सांगणारे आम्ही दोघे होतो, मी आणि बांधकामाकडचा वाल्मीक. वाल्मीक एकटा जीव, लग्न नाही. त्याच्याकडे एक ट्रंक, एक वळकटी आणि एक स्टोव्ह एवढीच मालमत्ता होती. कुणालाही वाटेल की क्वार्टर पाच मुलांच्या बापालाच मिळायची. पण आमचे गटविकास अधिकारी पुण्याहून नवेच आलेले, आणि त्यांना प्रत्येक गोष्ट मुळापासून सुधारायची हौस. ते म्हणाले, "मी आधी दोघांची राहती घरं पाहीन. जो जुनं घर नीट ठेवतो त्यालाच नवं."

मी हे घरी सांगितलं तेव्हा सौ. चुलीपुढे होती. खालच्या आळीच्या विहिरीवरून ती रोज चौदा हंडे पाणी आणायची. नळाचं ऐकून तिने फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "एवढं एक काम करा." लग्नाला सोळा वर्षं झाली होती. तिने माझ्याकडे असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे पुढे मी जे काही केलं ते तिच्यासाठीच केलं, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. नंतर कुणी ऐकून घेत नाही.

साहेबांनी अकरा प्रश्नांचं एक पत्रक काढलं. ते भरून अर्जाला जोडायचं. अर्ज करणारा मी आणि ऑफिसात येणाऱ्या अर्जावर आवक शिक्का मारणाराही मीच. साहेब म्हणाले, स्वतःच्या अर्जावर स्वतः शिक्का मारता येणार नाही. दुसऱ्या कुणाला तो मारायचा अधिकार नाही. अर्ज तीन दिवस टेबलावर पडून राहिला आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. शेवटी मी एक दिवसाची रजा टाकली, माझा चार्ज वाल्मीककडे गेला, आणि त्याने माझ्या अर्जावर शिक्का मारला. उलटा मारला, पण मारला.

पत्रकातला सातवा प्रश्न असा होता: 'घरात परक्याच्या मालकीच्या वस्तू आहेत काय? असल्यास संख्या व कारण.' मी मोजायला बसलो. कारकुनाला मोजायला बसवू नये. घरात एकशे आठ भांडी निघाली, म्हणजे जपमाळच पुरी झाली म्हणायची. त्यातली आमची एकसष्ट. उरलेली सत्तेचाळीस भांडी, म्हणजे वाट्या, ताटल्या, तांबे, डबे, पातेली, आमची नव्हतीच. त्यांच्यावर टिंबाटिंबांनी घातलेली नावं मी कंदील जवळ घेऊन वाचली. अख्खी आळी माझ्या फळीवर बसली होती.

याचं कारण पत्रकाच्या दीड ओळीत मावणारं नव्हतं. शेजारीण वाटीभर कालवण धाडते. ती वाटी रिकामी परत करायची नाही, अशी रीत. मग आपल्याकडे काही बरं होईपर्यंत वाटी आपल्या फळीवर राहते. आपण ती भरून धाडली की तिकडून पुन्हा दुसरं काही येतं, आणि ते नेमकं मोठ्या भांड्यात येतं. सामान ठेवायला जागा नाही म्हणून ते खाली, खाटेवर आणि पाट्यामागे जातं. माझी वहाण सोळा वर्षं का सापडत नव्हती त्याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

आळीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या सारजाबाई म्हणाल्या, "कशाला जिवाला लावून घेताय? पोरं मोठी झाली की घर आपसूक आवरतंय." धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता. पलीकडे आमच्या ऑफिसातला शिपाई मौला राहायचा. त्याने खासगीत सुचवलं, "भाऊसाहेब, साहेब यायच्या दिवशी समदं आमच्याकडं आणून टाका. ते गेले की न्या परत." हा सल्ला इतका चांगला होता की मी तो तत्त्वासाठी नाकारला. त्याच्या फळीवरही आमचीच भांडी होती, हे वेगळं. आई म्हणाली, "चार लोकांची भांडी नसली तर घर ओसाड दिसतं." आईचं मत कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा मी रीतीनेच गेलो. सौ.ने शेंगदाण्याची चटणी केली आणि आम्ही पाच भांडी भरून परत केली. त्या संध्याकाळी पाच घरांतून सात भांडी आली. भोपळ्याचे घारगे, कुळथाचं पिठलं, एका घरातून दोन वेळा ताक. सत्तेचाळीसांची एकोणपन्नास झाली. सौ. म्हणाली, "उद्या थोडे लाडू करते." मी मनातल्या मनात हिशेब मांडला तर दिवाळीपर्यंत आम्हाला भांड्यांसाठी वेगळी क्वार्टर मागावी लागणार होती.

साहेब शनिवारी येणार होते. गुरुवारी सौ. आणि आई धाकट्याला घेऊन नवरात्राआधीच्या गोधड्या धुवायला नदीवर गेल्या. हे काम अर्ध्या दिवसाचं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बाकीच्या मुलांना शाळेत पिटाळलं आणि पडवीत एकोणपन्नास भांडी नावानिशी लावली. टपाल कसं वाटतात ते मला कुणी शिकवायला नको. नाव वाचायचं, दार ठोठावायचं, भांडं द्यायचं आणि पुढे जायचं. भरण्याबिरण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. भांडी लख्ख घासलेली होती, त्याहून माणसाने काय करावं. एकोणीस घरं दीड तासात उरकली. लोक भांड्यात बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि "बरं" म्हणायचे. मला वाटलं, कामाचा झपाटा पाहून अवाक झाले.

शेवटी एक मोठं पितळी पातेलं उरलं. आईच्या खाटेमागे होतं आणि त्यात तिने वाती, कापूस आणि तीन सालांची पंचांगं ठेवली होती. त्यावर नाव होतं, 'हैबतराव भिवाजी, मु. घोटावडे'. एवढं स्पष्ट टपाल मी ऑफिसातही पाहिलं नव्हतं, हुद्दा सोडला तर सगळं होतं. वाती टोपलीत काढल्या, पातेलं सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधलं आणि घोटावड्याचा रस्ता धरला. खड्डा आला की ते घंटेसारखं वाजायचं. वाटेत दोन बैलगाड्या बाजूला झाल्या, त्यांना मागून काय येतंय ते कळेना.

हैबतराव पंचायत समितीचे सभासद आणि पन्नाशीचा भारदस्त गडी. ओसरीवर बसून ते दोरी वळत होते. मी पातेलं पुढे ठेवलं.

"ह्ये काय, भाऊसाहेब?"

"तुमचं पातेलं. आमच्या घरी राहिलं होतं."

त्यांनी पातेल्यात हात घालून बघितलं. "रिकामंच?"

"अगदी घासूनपुसून."

"तुमच्याकडं कुटनं आलं?"

"आळीतूनच आलं असेल. धाकट्याच्या बारशाला बरीच भांडी उसनी आणली होती."

"सारजाच्या आळीतनं."

"सारजाबाई आमच्या शेजारीच," मी म्हणालो. त्या यांच्या सख्ख्या बहीण आहेत हे मला माहीत होतं, आणि ओळख निघाल्याचा मला आनंदही झाला.

"काय बोलली का ती?"

"नाही, काही नाही. नाव तुमचं आहे म्हणून मी आपणहून आणलं."

हैबतरावांनी वळत असलेली दोरी खाली ठेवली. पातेलं जवळ ओढून घेतलं. मग म्हणाले, "बरं." मी सायकलवर टांग मारली आणि परतीच्या वाटेवर शीळ घातली. माझ्या आयुष्यात मी इतका नीटनेटका दिवस घालवला नव्हता.

संध्याकाळी सौ. ओल्या गोधड्यांचा भारा घेऊन आली. रिकामी फळी बघून तिचा चेहरा खुलला.

"काय घालून दिलंत?"

"काही नाही."

"रिकामी दिलीत?"

"स्वच्छ घासून."

"कुणाकुणाला?"

"सगळ्यांना."

ती गोधड्यांच्या भाऱ्यावरच बसली. म्हणाली, "रिकामं भांडं धाडलं म्हणजे यापुढे काही पाठवू नका असं सांगितलं. तुम्ही एकोणीस घरांना सांगून आलात." मी म्हटलं, हा अर्थ कुठल्या परिपत्रकात आहे. त्यावर तिने दोन दिवस माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. तिला नळ मिळवून द्यायला मी रक्ताचं पाणी करत होतो आणि बदल्यात मला हे मिळालं.

शनिवारी सकाळी घर खरोखरच बघण्यासारखं झालं होतं. जमीन सारवलेली, मुलं भिंतीला टेकून बसवलेली, फळीवर आमची एकसष्ट भांडी उंचीप्रमाणे. टोपी खुंटीवर आणि वहाणा दाराशी जोडीने. साहेब आले, सोबत पत्रकांची वही घेऊन वाल्मीक. त्याची खोली साहेब आधीच पाहून आले होते. साहेबांनी फळीवरून बोट फिरवलं. सातव्या प्रश्नापुढे मी ठसठशीत अक्षरात 'नाहीत' असं लिहिलं होतं. तिथे बोट ठेवून ते म्हणाले, "वा." वाल्मीकने खिशातून पेन काढून त्यांना दिलं.

एवढ्यात बाहेर आवाज वाढला. अकराच्या एस.टी.ने हैबतराव उतरले होते. खांद्यावर पातेलं, आणि सारजाबाईंच्या दारात उभे.

"सारजे, माझा आहेर तुला जड झाला व्हय? वास्तुशांतीला दिलेला आहेर कारकुनाच्या हातनं माघारी धाडलास? आणि त्योबी रिकामा?"

सारजाबाई हातातलं सूप घेऊन तशाच बाहेर आल्या. "म्या कशाला धाडीन? म्या वैनींना बारशाला दिलं हुतं. तुज्यापाशी कसं आलं, दादा?"

हैबतरावांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. साहेब, वाल्मीक, सौ., आई आणि मुलं सगळे पडवीत आले होते. माझ्या तोंडून ऑफिसातली भाषा निघाली. "सदर भांड्यावर आपलं नाव होतं."

"नाव देणाऱ्याचं असतंय, भाऊसाहेब," हैबतराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "भांडं घेणाऱ्याचं असतंय. तुमच्या लग्नात काय तुमच्या नावाची भांडी आली हुती?" मग बहिणीकडे वळून म्हणाले, "दोन दिस झोप न्हाई मला. औंदा भाऊबीजेला तुझ्याकडं यायचं न्हाई असं ठरिवलं हुतं."

सारजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात मौलाची बायको मुनीरा हळूच म्हणाली, "आमचा डबाबी रिकामाच आला, भाऊसाहेब. मी ह्यांना म्हटलं, आपलं काय चुकलं का." तिने हे अगदी साधेपणाने विचारलं आणि मी दाराशी जोडीने लावलेल्या वहाणांकडे बघू लागलो. दारादारांतून बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडावर तोच प्रश्न.

गोष्ट इथे मिटली असती. मी चार शब्द बोललो असतो, चहा झाला असता. पण साहेब पुण्याचे. त्यांना या सगळ्यातून एकच गोष्ट कळली.

"म्हणजे या माणसाने एका दिवसात एकोणपन्नास वस्तू परत पोचवल्या?" ते वाल्मीकला म्हणाले. "आणि एक घोटावड्याला जाऊन? तालुक्याला अशीच माणसं हवीत." तिथेच, पडवीच्या खांबावर वही टेकून, त्यांनी सही केली. "क्वार्टर तुमची."

हे सगळ्या आळीने ऐकलं. हैबतरावांनी पातेलं बहिणीच्या हातात दिलं आणि दोघं आत गेली. बाकीची दारंही एकामागून एक लागली. भाऊसाहेबांनी क्वार्टरसाठी आमची भांडी रिकामी धाडली, असं आळीने धरलं आणि त्यात खोटं काढण्यासारखं मला काही सापडलं नाही. मी खुलासा लिहिण्यात पटाईत आहे, पण हा कुणाला उद्देशून लिहायचा तेच कळेना.

आम्ही क्वार्टरमध्ये आलो. नळाला सहा ते सात पाणी यायचं. सौ.चं पाणी वीस मिनिटांत भरून व्हायचं आणि मग ती खिडकीशी उभी राहायची. विहिरीवर तिचे दोन तास जायचे, हे मला ठाऊक होतं. तिथे ती बोलायची, हे नव्हतं. घरात सगळं जागच्या जागी सापडायला लागलं. साडेनऊला वहाण दारात, टोपी खुंटीवर. मी दहा मिनिटं आधीच ऑफिसात जाऊन बसायचो, कारण घरी काही शोधायचं नसे. साहेब आल्यागेल्याला आमची क्वार्टर दाखवायला आणू लागले. एकदा पुण्याच्या पाहुण्यांना म्हणाले, "बघा, एक भांडं इकडचं तिकडे नाही."

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणी येतच नाही, तर हलणार कसं?"

पाहुणे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

दिवाळीला तिने फराळ केला. आमच्या एकोणीस ताटल्या भरल्या, वर रुमाल झाकले, आणि ती स्वतः मुलींना घेऊन आळीत देऊन आली. दुपारपर्यंत सगळ्या ताटल्या परत आल्या. घासलेल्या, पुसलेल्या, एकात एक घातलेल्या. रिकाम्या. मुनीराने तर रुमालांच्याही घड्या घालून दिल्या होत्या. सौ.ने ताटल्या कपाटात उंचीप्रमाणे लावल्या आणि दार लोटलं. ती रडली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही. मला तिच्या चौदा हंड्यांचे दिवस परवडले असं वाटलं, आणि असं वाटल्याचा रागही आला, कारण एवढी खटपट मी त्यांच्यातून तिला सोडवायलाच केली होती.

भाऊबीजेच्या सकाळी मी काही न सांगता बाहेर पडलो आणि थेट सारजाबाईंच्या दारात गेलो. ओसरीवर हैबतराव नवं धोतर नेसून बसले होते. मला बघून त्यांनी पाय आखडून घेतले, बस म्हणाले नाहीत. सारजाबाई ओवाळणीचं तबक घेऊन दारात थांबल्या.

"काय, भाऊसाहेब?"

"ताक हवं होतं थोडं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात रिकामे होते. "भांडं?"

"भांडं आणलं नाही."

हैबतरावांनी बहिणीकडे बघितलं. मला वाटलं, आता दार लागणार, आणि लागलं असतं तर मला बोलायला तोंड नव्हतं. मग सारजाबाईंनी तबक खाली ठेवलं आणि आत गेल्या. आतून कोणतं भांडं द्यावं याची उचलाठेव ऐकू आली, चांगली लांबली. बाहेर आल्या तेव्हा हातात मोठी कळशी होती, काठोकाठ ताकाने भरलेली, आमच्या घरच्या आठ माणसांना दोन दिवस पुरेल एवढी. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि जड आहे म्हणून खालून आधार धरला.

"परत द्यायची गडबड करू नका," त्या म्हणाल्या.